ठिपका उपग्रहाचा, रस्ता नकाशाचा

गाडीतल्या जीपीएसबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच: यंत्राने फसवलं.

मी बरीच वर्षं नकाशे बनवणाऱ्यांकडे काम केलंय. टपावर अँटेना लावलेल्या गाडीत चालकाच्या शेजारी बसायचं आणि रस्ते नोंदवत जायचं: एकेरी कुठे, उजवीकडे वळायला मनाई कुठे, कमानीची उंची किती. त्यामुळे तक्रार वाचली की आधी मी एवढंच बघते, दोष ठिपक्याचा की नकाशाचा? उपग्रहांवरून फक्त ठिपका मिळतो, म्हणजे गाडी कुठे आहे तेवढी जागा. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे वळायचं, पोचायला किती वेळ लागेल, यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पत्रं थोडी छाटून देते आहे.

ताई, मी पुलाखालच्या सर्व्हिस रोडने चाललेलो असतो आणि यंत्र मला पुलावर धरून चालतं. पुढचा फाटा हुकतो, मग यू-टर्न, मग पुन्हा तेच. उपग्रहाला वर-खाली कळत नाही का?
*— रोज माल पोचवणारा एक चालक*

यंत्राला कळतं, पण तुमच्या कामापुरतं नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचा ठिपका साधारण पाच मीटरच्या आत बसतो. हे झालं जमिनीवरच्या अंतराचं. उंचीतली चूक त्याच्या दीडपट-दुप्पट असते, कारण दिसणारे सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. आणि पूल व खालचा रस्ता यांत फरक तरी किती? सहा-आठ मीटर. म्हणजे चूकच पुलाएवढी. त्यात पुलाखाली शिरलात की अर्धं आकाश काँक्रीटने झाकलं जातं. जो सिग्नल पोचतो तोही शेजारच्या इमारतीवर आपटून, लांबून फिरून आलेला. यंत्र वेळेवरून अंतर काढतं, त्यामुळे सिग्नल जितका फिरून आला तितका ठिपका सरकला.

इथवर दोष ठिपक्याचा. पुढचा गोंधळ नकाशा करतो. कच्चा ठिपका कधी दुभाजकावर पडतो, कधी कुणाच्या अंगणात. तो तसाच दाखवला तर तुम्ही यंत्र खिडकीबाहेर भिरकावाल. म्हणून प्रोग्राम त्याला ओढून जवळच्या रस्त्याच्या रेषेवर बसवतो. ओढताना तो बघतो की गाडी आली कुठून, तोंड कुठे, वेग काय आणि आखलेला मार्ग कुठून जातो. पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशात एकमेकांवर पडलेल्या दोन रेषा. दिशा तीच, गर्दीच्या वेळी वेगही तोच. मग प्रोग्राम स्वतः आखलेल्या मार्गालाच चिकटून राहतो आणि तुम्ही पुलावर आहात असं ठरवून टाकतो. पुढे रेषा एकमेकींपासून चांगल्या लांब गेल्या की त्याला चूक कळते, पण तोवर तुमचा फाटा मागे पडलेला असतो.

तुमचा रस्ता रोजचाच आहे, तेव्हा निघतानाच पुलाखालची एखादी जागा मधला थांबा म्हणून टाकून ठेवा. मग आखलेला मार्गच खालून जाईल आणि प्रोग्रामचा हट्ट तुमच्या बाजूने लागेल. फोन बदलायचाच असेल तर दोन वारंवारितांवर सिग्नल घेणारा बघा (माहितीपत्रकात एल-१ आणि एल-५ असं लिहिलेलं असतं). उंच इमारतींच्या गर्दीत त्याचा ठिपका कमी भरकटतो. वर-खालीचा प्रश्न मात्र त्यानेही पुरता सुटत नाही.

इंटरनेट बंद असलं तर जीपीएस चालतो का? आणि मी कुठे आहे हे उपग्रहाला कळत असतं का? घरात यावरून रोज वाद होतो.
*— दोन मुलांची आई*

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. उपग्रह फक्त बोलतात. तुमचा फोन फक्त ऐकतो, त्यांना उलट काहीच सांगत नाही. प्रत्येक उपग्रह सांगत असतो: माझ्या घड्याळात आत्ता अमुक वाजलेत आणि मी अमुक ठिकाणी आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि तिथून इथवर यायला सिग्नलला एका सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. तो उशीर मोजला की अंतर निघतं. तीन अंतरांवरून जागा निघायला हवी, पण फोनचं घड्याळ स्वस्तातलं, ते किती चुकतंय हेही काढावं लागतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो.

इंटरनेट लागतं ते नकाशाची चित्रं उतरवायला, वाहतुकीची माहिती घ्यायला आणि पत्ता शोधायला. त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर सिम नसलेला फोनही रस्ता दाखवतो. तुमच्यावर नजर ठेवणारा कुणी असलाच तर तो आकाशात नसतो. फोनमधलं अ‍ॅप तुमचा ठिकाणा इंटरनेटवरून पुढे पाठवतं. वाद मिटवायचा असेल तर कुठल्या अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी दिली आहे ती यादी मुलांसोबत बसून उघडा. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचा ठावठिकाणा कशाला हवा, हे त्यांना विचारा.

अमेरिका मुद्दाम सिग्नलमध्ये चूक घालते असं ऐकलं. खरं का?

घालत असे. नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेल्या चुकीमुळे ठिपका शंभर मीटरपर्यंत हलायचा. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि गाडीतली ही यंत्रं खऱ्या अर्थाने कामाची झाली. शिवाय आता एकट्या जीपीएसवर कुणी विसंबत नाही. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बेईदोऊ यांचे उपग्रहही आजचा साधा फोन एकाच वेळी ऐकतो.

ट्रकमध्ये फोनवरचं नेव्हिगेशन वापरतो. परवा रात्री त्याने कमी उंचीच्या रेल्वेपुलाखाली नेऊन सोडलं. मागे रांग लागली, एक किलोमीटर रिव्हर्स घ्यावा लागला. कंपनीवर दावा लावता येईल का?
*— मालवाहू ट्रकचा चालक*

कायद्याचं वकिलाला विचारा. पण दादा, पूल दिसल्यावर तुम्ही ब्रेक मारलात आणि टप शाबूत राहिला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. फोनवरची नेहमीची नेव्हिगेशन अ‍ॅप मुळात मोटारीसाठी मार्ग काढतात. तुमची गाडी किती उंच, किती लांब, किती टनांची आणि आत काय भरलंय, हे त्यांना ठाऊकच नसतं. सगळ्यात कमी वेळाचा रस्ता काढ, एवढंच त्यांना सांगितलेलं. मोटारीला तो पूल म्हणजे नुसती सावली.

ट्रकसाठी वेगळी यंत्रं आणि अ‍ॅप मिळतात. त्यांत गाडीची उंची, रुंदी, लांबी, एकूण वजन, एका आसावरचं वजन आणि धोकादायक माल असल्यास तेही भरता येतं. मग कमी उंचीचे पूल, कच्चे पूल, बंदी असलेले बोगदे मार्गातून गळतात. ही माहिती एकदा भरून विसरायची नाही. ट्रेलर बदलला की उंची बदलली. रिकामी गाडी स्प्रिंगवर वर उचलली जाते, तेव्हा भरलेल्या गाडीने पार केलेली कमान परतीच्या रिकाम्या फेरीत टपाला घासू शकते. म्हणून उंची मोजायची ती गाडी रिकामी असताना, सपाट जागी, सगळ्यात उंच भागापाशी. टपावर ताडपत्रीचा सांगाडा किंवा एसीचं खोकं असेल तर तेही धरून. तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. ऐन वेळी आठवत नाही.

आता आमच्या बाजूचं ऐका. कमानीची उंची आम्ही नोंदवायचो ती बहुतेक वेळा पाटीवरून. पाटी लागल्यावर रस्त्यावर डांबराचे थर चढले असतील तर जागा तेवढी कमी झालेली असते, आकडा मात्र जुनाच राहतो. कमान गोलाकार असेल तर मधे उंची जास्त, कडेला कमी, आणि पाटीवर नेमकी कुठली हे बघावं लागतं. कधी झाडाच्या फांदीआड पाटी दिसतच नाही, मग नकाशात त्या पुलाला उंचीच नसते. आणि उंची नोंदवलेली नसली की बरेच प्रोग्राम तिथे अडथळाच नाही असं समजतात! म्हणून ट्रकचं यंत्र घेतलं तरी पाटी आणि यंत्र यांत फरक पडला तर पाटीचं ऐका. पाटीच नसेल तर उतरून बघा. आणि अडकलात ती जागा अ‍ॅपमधल्या 'चूक कळवा' या बटनावरून नक्की कळवा. नकाशातल्या कितीतरी दुरुस्त्या अशाच, अडकलेल्या चालकांकडून आलेल्या असतात.

निघताना यंत्र म्हणतं 'उत्तरेकडे निघा'. सूर्य डोक्यावर असताना उत्तर कुठे शोधू?

शोधू नका. उभ्या गाडीचं तोंड कुठे आहे हे जीपीएसला कळत नाही. एका ठिपक्याला तोंड नसतं. गाडी थोडी हलली, दुसरा ठिपका मिळाला, की दिशा ठरते. फोनमध्ये चुंबकीय होकायंत्र असतं, पण गाडीचा पत्रा आणि लोहचुंबकाचा मोबाइल-स्टँड त्याला भलतीकडे वळवतात. पन्नास मीटर पुढे जा, चुकलं असेल तर तेच सांगेल.

बोगद्यात माझ्या गाडीतलं यंत्र व्यवस्थित चालतं आणि बायकोचा फोन भरकटतो. फोन तर जास्त महाग आहे!

महागाचा इथे संबंध नाही, चाकांचा आहे. बोगद्यात उपग्रह दोघांनाही दिसत नाहीत. गाडीत बसवून आलेल्या यंत्राला चाकांच्या सेन्सरवरून कळतं की गाडी किती पुढे सरकली आणि जायरोस्कोपवरून कळतं की किती वळली. तेवढ्यावर ते आत शिरतानाच्या ठिपक्यापासून पुढचा हिशेब मांडत जातं. फोनला चाकं नाहीत. त्याला वेगाचा अंदाजच बांधावा लागतो. समजा ताशी ८० चा अंदाज धरला आणि तुम्ही ७६ ने चाललात, तर तीन किलोमीटरच्या बोगद्यात ठिपका दीडशे मीटर पुढे पळतो. आतच फाटा असेल तर एवढ्यात तो हुकतो. काही बोगद्यांत ब्लूटूथची छोटी प्रेषकं भिंतींवर लावलेली असतात, तिथे फोनही सावरतो, पण अ‍ॅपला त्यांची भाषा यायला हवी.

जाता जाता: १९८१ मध्ये होंडाने गाडीत बसवलेल्या 'इलेक्ट्रो जायरोकेटर'मध्ये उपग्रह नव्हतेच. जायरोस्कोप, चाकांच्या फेऱ्या आणि पडद्यापुढे सरकवायचे पारदर्शक नकाशे, एवढ्यावर ते चालायचं. तुमची गाडी बोगद्यात वापरते ती युक्ती उपग्रहांहून जुनी आहे.

माझ्या स्पीडोमीटरवर १०० आणि जीपीएसवर ९४. खरा कुठला?

सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालला असाल तर जीपीएसचा. तो सिग्नलच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून वेग काढतो आणि त्यात चूक फार कमी असते. स्पीडोमीटर जास्त दाखवतो तो बिघाडामुळे नव्हे, मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतल्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. त्यामुळे बनवणारे हात राखूनच दाखवतात. टायर झिजला की फरक आणखी थोडा वाढतो. ब्रेक मारताना, पुलाखाली किंवा बोगद्यात जीपीएसचा आकडा मागे राहतो, तिथे स्पीडोमीटर बघा. आणि 'सहा किलोमीटर मोकळे मिळाले' म्हणून दामटू नका.

वर्षभर कपाटात ठेवलेलं जुनं यंत्र लावलं. कितीतरी वेळ 'उपग्रह शोधत आहे' म्हणून बसलं. बिघडलं का?

बहुधा नाही. प्रत्येक उपग्रह आपली नेमकी कक्षा दर तीस सेकंदांनी सांगतो आणि ती माहिती काही तासच कामाची असते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मात्र तुकड्यातुकड्यांनी येतं, पुरं व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. वर्षभर झोपलेल्या यंत्राकडे यातलं काहीच ताजं नसतं. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो, म्हणून तो चटकन उठतो. यंत्र लावून गाडी मोकळ्या जागी उभी ठेवा, चहा घ्या. चालत्या गाडीत इमारतींमागे सिग्नल तुटत राहतो आणि त्याला तेच तेच पुन्हा ऐकावं लागतं. तरीही लागलं नाही तर काच बघा. ऊन परतवणाऱ्या काही पुढच्या काचांत धातूचा पातळ थर असतो, त्यातून सिग्नल धड येत नाही. अशा काचेवर आरशाजवळ बहुधा थर नसलेला एक चौकोन सोडलेला असतो. यंत्र तिथे लावून पाहा.

गाडीतलं कंपनीचं यंत्र रस्ता बरोबर दाखवतं, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची!

ही माझी आवडती तक्रार, कारण यात ठिपकाही निर्दोष आणि नकाशाही. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत बसवलेला आहे, म्हणजे ० ते १०२३. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. १०२४ आठवडे भरले की क्रमांक पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आला, एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये. कुठला फेरा चालू आहे हे यंत्राच्या प्रोग्रामने स्वतः ठरवायचं असतं आणि बरेच जण ते प्रोग्राम तयार झाला त्या तारखेपासून मोजतात. म्हणून काही यंत्रं अधल्यामधल्या वेळीही मागे उडी मारतात. जानेवारी २०२२ मध्ये कितीतरी मोटारींची घड्याळं अशीच २००२ मध्ये गेली होती. उपाय एकच, सॉफ्टवेअर अद्ययावत करून घेणं. तारीख हाताने बदलून बसवलीत तरी यंत्र ती पुन्हा मागे नेईल.

माझ्या चार गाड्यांना ट्रॅकर लावलेत. एक गाडी रोज दुपारी तासभर नकाशावरून गायब होते. चालक म्हणतो 'तिथे रेंज नाही'. विश्वास ठेवू का?
*— छोटा वाहतूक-व्यावसायिक*

ट्रॅकरमध्ये दोन कामं वेगळी असतात: उपग्रहांवरून जागा काढणं आणि ती मोबाइल नेटवर्कवरून तुमच्यापर्यंत पाठवणं. नुसती रेंज गेली असेल तर बरेचसे ट्रॅकर ठिपके साठवून ठेवतात आणि रेंज आली की एकदम पाठवतात. म्हणजे संध्याकाळी बघितलंत तर दुपारची रेघ भरून आलेली दिसायला हवी. भरून आली तर चालक खरं बोलतोय. रेंज असूनही ठिपकेच नसतील तर आधी बसवणाऱ्याला विचारा, कारण लोखंडी पत्र्याखाली दडवलेला ट्रॅकर असाच आंधळा होतो. त्याची अँटेना प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डखाली, आकाशाकडे तोंड करून हवी.

उरली तिसरी शक्यता, जामर. सिगारेट-लायटरच्या खाचेत बसणारी, उपग्रहांचा सिग्नल दाबणारी छोटी वस्तू असते ती. उपग्रहाचा प्रेषक घरातल्या जुन्या बल्बएवढ्या वॅटचा आणि तो वीस हजार किलोमीटरवर. इतका क्षीण आवाज दाबायला फारसं लागत नाही. पण ती वस्तू फक्त तुमचा ट्रॅकर दाबत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये मालकाची नजर चुकवायला एका चालकाने लावलेल्या जामरने नेवार्क विमानतळावरच्या उपग्रहाधारित विमान-यंत्रणेच्या चाचणीत अडथळा आणला, आणि पुढच्या वर्षी त्याला जबर दंड झाला. बहुतेक देशांत जामर वापरणं गुन्हाच आहे.

माझं मत विचाराल तर आरोप करण्याआधी चालकाला समोर बसवून ट्रॅकर काय काय बघतो ते दाखवा. कदाचित तो तासभर जेवून झोपत असेल, आणि लांबच्या फेरीवर ते हवंच आहे.

रस्ता लाल दाखवला म्हणून लांबून गेलो. नंतर कळलं, रस्ता मोकळा होता!

लाल रेघ उपग्रहांनी बघितलेली नसते. त्या रस्त्यावरचे फोन किती सावकाश सरकताहेत यावरून ती रंगते. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सिमॉन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावरून चालत नेले आणि नकाशावर कोंडी उभी केली! मुख्य शहरी रस्त्यावर हजारो फोन असतात, तिथे रंगावर विश्वास ठेवा. आडरस्त्यावर पहाटे दोन-चार फोन असतात, त्यातला एक जण पंक्चर काढत बसला असेल.

गाडी बंद पडली. मदतीला येणाऱ्याला अक्षांश-रेखांश कळवले, तरी तो वीस-बावीस किलोमीटर लांब जाऊन पोचला. आकडे मी फोनवरूनच वाचले होते.

बावीस किलोमीटर वाचूनच शंका आली. तुमच्या फोनवर अंश आणि कला असे आकडे होते का? समजा ४० अंश ३० कला. एका अंशात ६० कला, म्हणजे ३० कला हा अर्धा अंश, दशांशात ४०.५०. तुम्ही 'चाळीस, तीस' असं सांगितलं असेल आणि समोरच्याने ४०.३० टाकलं असेल तर ०.२ अंशाचा फरक पडला. एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटरचा. करा गुणाकार.

पुढच्या वेळी फोनच्या सेटिंगमध्ये दशांश अंशांची पद्धत निवडून ठेवा आणि आकडे तोंडी सांगण्याऐवजी मेसेजमध्ये चिकटवून पाठवा, अक्षांश आधी, रेखांश नंतर. दशांशानंतर पाच आकडे पुरतात, पाचव्या आकड्याला जागा जेमतेम मीटरभर हलते. सोबत महामार्गावर कुठल्या दिशेच्या बाजूला उभे आहात तेही लिहा, कारण मधे दुभाजक असेल तर मदतीची गाडी बरोब्बर तुमच्यासमोर येऊनही पलीकडेच थांबेल.